तीन पाट्या

आमच्या सदऱ्याच्या खिशाला गेली अकरा वर्षे एक लाल पेन अडकवलेले आहे. बी.एड. झालो, सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागलो, त्या दिवसापासूनचा हा आमचा सोबती. पेन बदलते, रंग बदलत नाही. घरी तर आमची थट्टा होते की, किराण्याची यादी हातात दिली तरी आम्ही आधी तिच्यातल्या चुकांना गोल करतो आणि मग पिशवी उचलतो. असे हे लाल पेन एका रविवारी आम्ही खिशातच राहू दिले. बाहेर काढले असते तर काय झाले असते, याचा विचार अजून डोक्यातून जात नाही. तोच वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

उन्हाळ्याचे दिवस होते. असरची नमाज आटोपून आम्ही दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो, तोच आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या अब्बांबरोबर आली. तिचे नाव इथे सांगत नाही. तिला ते आवडणार नाही. दहावीपर्यंत ती आमच्याच शाळेत होती आणि गणितात चांगली होती. शहरातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला तिला प्रवेश मिळाला तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले गेले. आणि ‘मुलीला एवढे शिकवून काय करणार?’ हेही त्याच मोहल्ल्यात विचारले गेले. दहा वर्षे जिने जमा, तफरीक, जर्ब, तकसीम असे म्हणत हिशेब केला, तिला एका सुटीनंतर सगळेच इंग्रजीत ऐकावे लागले. तिचे अब्बा चादरीच्या कारखान्यात जेकार्ड मागावर काम करतात. बोलणे कमी, ऐकणे जास्त, असा माणूस.

त्यांनीच सुरुवात केली. “सर, बच्ची तीन दिन से रो रही. बोलती, मेरे से नै होता. चार दिन पे प्रॅक्टिकल है. आप एक बार देख लो. नै होता बोले तो... छोड़ देंगे.”

ते ‘छोड़ देंगे’ त्यांनी अगदी सहज म्हटले. रागाने नाही, धाक घालायला नाही. पण वाचकहो, आम्ही मोहल्ल्यातच वाढलो आहोत. मुलीचे शिक्षण आमच्याकडे भांडण होऊन सुटत नाही. ते असेच एखाद्या संध्याकाळी, हळू आवाजात सुटते.

आम्ही काही कॉम्प्युटरचे शिक्षक नव्हे. बी.एस्सी.ला असताना संध्याकाळच्या एका क्लासला जाऊन सी भाषा शिकलो होतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक त्या वेळी उशाशी असे. ते अजून कपाटात आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा तयार केली, आणि अजूनही आपल्याकडच्या कितीतरी मुलांची प्रोग्रॅमिंगशी पहिली ओळख तिच्यातूनच होते. तेवढ्या भांडवलावर आम्ही म्हटले, “दाखव बेटा.”

तिने कागद पुढे केला. कॉलेजातून दिलेले काम असे होते: ० आणि १ पासून सुरुवात करा, पुढची प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज, अशी २० पदे छापणारा प्रोग्रॅम लिहा. म्हणजे ०, १, १, २, ३, ५, ८, १३ अशी मालिका यायला हवी. हिलाच फिबोनाची मालिका म्हणतात. विसावे पद ४१८१ येते. तिच्या प्रोग्रॅमने मात्र छापले होते ०, १, १, २, ४, ८, १६, ३२... आणि शेवटी १३१०७२!

“सर, मशीन गलती बी नै बताती,” ती म्हणाली. तिच्या रडण्याचे कारण तेच होते. अर्धविराम विसरला, कंस उघडा राहिला, तर कॉम्प्युटर ओरडून सांगतो. इथे तो निमूटपणे चुकीचे उत्तर देत होता.

आमचा हात खिशाकडे गेला. अकरा वर्षांची सवय! वरवर पाहता कागदावर लाल करण्याजोगे पुष्कळ होते. ओळी एकाखाली एक, कुठेही आत सरकवलेल्या नाहीत. फेरी कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते डोळ्याला कळत नव्हते. पहिल्या दोन संख्या तिने फेरीच्या बाहेरच छापल्या होत्या. त्यामुळे उद्या कोणी एकच पद मागितले तरी दोन छापली गेली असती. आणि संख्या ठेवायच्या जागांना तिने इंग्रजी अक्षरांत नावे दिली होती ती अशी: ‘पहला’, ‘दूसरा’ आणि ‘जमा’. फळ्यावर ए, बी, सी होते. तिने आपली नावे घातली म्हणून लॅबमध्ये हशा झाला होता, हेही तिने खाली मान घालून सांगितले.

आणि मुख्य चूक तर आम्हांला लगेच दिसली होती. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. एक बाण काढला असता, खाली ‘नीट लक्ष दे’ असा शेरा मारला असता की काम झाले असते. दोन मिनिटांचे काम!

पण त्या क्षणी आम्हांला एक मुलगा आठवला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सातवीत होता. उत्तर बरोबर, पण गणिताच्या पायऱ्या वहीत उजवीकडून डावीकडे मांडायचा. आम्ही त्याच्या आख्ख्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लाल रेघ मारली आणि वही वर्गाला दाखवली. त्यानंतर तो कधी फळ्याजवळ आला नाही. आठवीनंतर शाळेतही आला नाही. आज तो मागावर आहे. रस्त्यात दिसला की आदबीने सलाम करतो. त्याची शाळा सुटली ती घरच्या ओढाताणीमुळे, हे खरे. पण आमची ती रेघ त्यात कुठेच नव्हती असे म्हणायला जीभ रेटत नाही.

पेन खिशातच राहिले. आम्ही तिला विचारले, “बेटा, ही नावे तू का दिलीस?”

तिला वाटले, आता आम्हीही हसणार. चाचरत म्हणाली, “ए, बी, सी में कौन क्या है, मैं भूल जाती थी सर. इस वास्ते.”

वाचकहो, प्रोग्रॅम वाचणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा. तो हेच सांगेल की, नाव असे द्यावे ज्यातून आत काय ठेवले आहे ते कळावे. ही मुलगी ते कोणी न शिकवता करत होती. फक्त तिची नावे आपल्या घरच्या भाषेतली होती. आम्ही तिला तसे सांगितले. ती पहिल्यांदा खुर्चीवर नीट टेकून बसली.

मग आम्ही घरातल्या पाट्या मागवल्या. आमच्या दोन मुलांच्या दोन आणि माळ्यावरची एक कडा तुटलेली, अशा तीन. एकीवर कडेला ‘पहला’ लिहिले, दुसरीवर ‘दूसरा’, तिसरीवर ‘जमा’. तिला सांगितले, “आता कॉम्प्युटर तू. कागदावर लिहिले आहे तेवढेच करायचे. मनचे काही करायचे नाही.”

सी भाषेतले बरोबरचे चिन्ह हे आपल्या गणितातले बरोबरचे चिन्ह नव्हे. ‘पहला = दूसरा’ याचा अर्थ दोन्ही सारखे आहेत असा होत नाही. त्याचा अर्थ असा: ‘दूसरा’च्या पाटीवर जे आहे ते पाहा, ‘पहला’ची पाटी पुसा, आणि पाहिलेले तिथे लिहा. म्हणजे माल उजवीकडून डावीकडे जातो. गंमत अशी की, नवशिक्या मुलांना हेच लवकर उमगत नाही. हिला मात्र त्यात काही अवघड वाटले नव्हते. उजवीकडून डावीकडे जाणे तिच्या डोळ्यांच्या सवयीचेच.

सुरुवात झाली. ‘पहला’वर ०, ‘दूसरा’वर १. बेरीज १, ती ‘जमा’वर. पुढची ओळ तिने वाचली: ‘दूसरा = जमा’. ‘दूसरा’ पुसून १ लिहिला. त्यापुढची ओळ: ‘पहला = दूसरा’. ‘पहला’वरचे शून्य पुसून १ लिहिला. इथवर काही बिघडले नव्हते.

दुसरी फेरी. एक आणि एक दोन, ‘जमा’वर २. ‘दूसरा = जमा’; ‘दूसरा’वरचा १ पुसला, २ लिहिले. ‘पहला = दूसरा’; तिने ‘दूसरा’ पाहिला, तिथे २. ‘पहला’वर २ लिहिले. तिसरी फेरी. दोन आणि दोन चार.

फडके हातात तसेच ठेवून ती थांबली. तिन्ही पाट्यांकडे आळीपाळीने पाहू लागली. आम्ही गप्प बसलो. खरे सांगतो, शिक्षकाला गप्प बसण्याइतके अवघड दुसरे काही नसते.

आमच्या आधी बोलले ते तिचे अब्बा. इतका वेळ ते दाराच्या चौकटीला टेकून पाहत होते. “बेटा,” ते म्हणाले, “ये पुठ्ठे आगे-पीछे हुए सरीका दिखता.”

ज्यांनी सोलापुरी चादर विणताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जेकार्ड मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कोणत्या वेळी ताण्याचे कोणते धागे वर उचलायचे, ते पुठ्ठ्यावरची भोके ठरवतात. एका मागून एक पुठ्ठा पुढे येतो आणि ओळी-ओळीने नक्षी उमटते. पुठ्ठे सगळे बरोबर असले, पण ओवताना दोघांची जागा बदलली, तर धागा तुटत नाही, माग थांबत नाही. फक्त मोराची मान भलतीकडे जाते. १८०४च्या सुमारास फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार यांनी हा माग उभा केला. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणकयंत्राला सूचना देण्यासाठी अशाच पुठ्ठ्यांची योजना केली. म्हणजे मुलगी जे शिकायला बस धरून कॉलेजात जात होती, त्याचे पूर्वज रोज तिच्या अब्बांच्या डोक्यावर फिरत होते!

अब्बांचे वाक्य ऐकले मात्र, मुलीने कपाळावर हात मारला. “सर, पुराना ‘दूसरा’ मिटाने के पहले उसकू ‘पहला’ में रखना था!” जुना १ पुसला गेला होता आणि तो परत आणण्याचा मार्ग उरला नव्हता. तिने दोन्ही ओळी उलट केल्या, पाट्या पुन्हा मांडल्या. १, २, ३, ५, ८... तेरावर आल्यावर तिने फडके खाली ठेवले.

खरे तर तपासणी इथे संपायला हवी होती. पण एक प्रश्न आमच्या मनात राहिला होता. पहिल्या दोन संख्या तिने नीट ठेवल्या, बेरीज नीट केली, फेऱ्यांची मोजणी नीट केली. मग इथेच क्रम का उलटला? आम्ही तिला कॉलेजची वही मागितली.

वहीत कारण लख्ख दिसत होते. फळ्यावर शिक्षकांनी दोन्ही सूचना एकाच ओळीत, शेजारी शेजारी लिहिल्या होत्या: आधी ‘ए = बी’, तिच्या उजवीकडे ‘बी = सी’. मुलीने त्या जशाच्या तशा उतरवल्या होत्या. पण भोवतालची टिपणे तिने आपल्या सोयीसाठी उर्दूत लिहिली होती. उर्दू वाक्याच्या मधोमध ती इंग्रजी अक्षरांची जोडी बसली होती. घरी वही उघडली तेव्हा वाक्य उजवीकडून वाचत ती त्या जोडीपाशी आली, आणि जी सूचना तिला आधी भेटली ती म्हणजे उजवीकडची, ‘बी = सी’. तीच तिने आधी लिहिली. निष्काळजीपणा नव्हता, आळस नव्हता. उलट तिने वही इमानदारीने वाचली होती.

उर्दू माध्यमाच्या मुलाचे डोळे दिवसभर काय कसरत करतात, हे बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शब्द उजवीकडून डावीकडे वाचायचे. मध्ये १३५२ आले की थबकून ते डावीकडून उजवीकडे वाचायचे. आकडा संपला की पुन्हा मागे वळायचे. समीकरण आले की सगळी ओळच उलट्या दिशेची. अरबांनी भारतातून अंक घेतले तेव्हा एकक-दशकाच्या जागा होत्या तशाच ठेवल्या, म्हणून हे असे झाले. आमची मुले ही वळणे नकळत घेत असतात. कधी एखादे वळण चुकते. त्या वेळी ‘लक्ष नाही’ म्हणणे सोपे असते. आम्ही स्वतः याच वळणांवरून शिकून आलेले, तरी सातवीतल्या त्या मुलाला आम्ही विचारले नव्हते की, बाबा, तू इकडून का निघालास?

चहा आला. मुलीचा चेहरा उजळला होता. तिने विचारले, “सर, ये फिबोनाची कौन?”

आम्ही सांगितले, तो इटलीतल्या पिसा शहराचा लिओनार्दो. त्याचे वडील व्यापाऱ्यांच्या कामासाठी आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात होते. त्यांनी मुलाला तिकडे बोलावून घेतले, आणि तिथे तो हिंदी अंकांनी हिशेब करायला शिकला. १२०२ मध्ये त्याने ‘लिबेर अबाची’ हा ग्रंथ लिहिला. त्यात सशांच्या जोड्यांचे एक गणित आहे, त्यातून ही मालिका निघते. शून्याला त्याने जो शब्द वापरला तो आपल्या ‘सिफर’वरूनच आलेला. पण मालिका त्याच्याही आधीची. आपल्याकडे छंदशास्त्रात लघूची एक मात्रा, गुरूची दोन. चार मात्रा किती प्रकारांनी भरता येतील? पाच. पाच मात्रा? आठ. सहा मात्रा? तेरा. बाराव्या शतकात गुजरातेतल्या हेमचंद्र या जैन आचार्यांनी हा नियम दिला आहे, आणि विरहांकाने तो त्यांच्याही कित्येक शतके आधी सांगितला होता. आणि कॉलेजात ज्याला अल्गोरिदम म्हणतात तो शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिज्मींच्या नावावरून आला.

“मतलब सब का है,” अब्बा म्हणाले.

उठताना मुलीने चुकलेला कागद फाडायला घेतला. आम्ही तिचा हात धरला. ते चुकीचे उत्तर पुन्हा बघ, म्हटले. १, २, ४, ८, १६, ३२... बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट ऐकली आहेस ना? पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे करत चौसष्ट घरे. राजाची कोठारे रिकामी झाली तरी दाणे पुरले नाहीत. चौसष्ट घरांची ती बेरीज १८४४६७४४०७३७०९५५१६१५ इतकी होते, आणि अल-बिरुनींनी हजार वर्षांपूर्वी ती आकडेमोड करून ठेवली आहे. तुझा प्रोग्रॅम फिबोनाचीसाठी चुकीचा आहे; दाण्यांसाठी तो अगदी बरोबर आहे. कागद वहीत चिकटव. ती हसली. तिने घरी जाऊन तो खरोखरच चिकटवला. आम्ही मात्र हे बोललो होतो ते तिचे मन राखण्यासाठी. त्या कागदाचा पुढे उपयोग होईल असे वाटले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा आली. या वेळी एकटी, आणि रागावलेली. “सर, आप तो बोले थे बराबर है!”

झाले असे की, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला तोच प्रोग्रॅम दिला. फक्त २० ऐवजी २५ पदे मागितली. तिने न अडखळता लिहिला. उत्तरे आली: ...१०९४६, १७७११, २८६५७, आणि पंचविसावे पद उणे १९१६८! परीक्षकांनी शांतपणे विचारले, “दोन धन संख्यांची बेरीज ऋण कशी?” प्रश्न रास्त होता. हिच्याकडे उत्तर नव्हते.

आमच्याकडेही नव्हते. तिच्या मोबाईलवर तोच प्रोग्रॅम चालवला तर पंचविसावे पद बिनचूक ४६३६८ आले. ओळ तीच, अक्षर तेच. कॉलेजात चूक आणि घरी बरोबर. आम्ही ‘लेट अस सी’ काढले, चष्मा पुसला, मग कागद घेतला. जे यायला हवे होते ते ४६३६८. जे आले ते उणे १९१६८. दोन्हींमधला फरक काढला. ६५५३६.

तो आकडा पाहताच मुलीने वही उघडली आणि चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवले. “सर, ये इधर है.” एकोणिसाव्या जागी, ३२७६८च्या पुढे, १३१०७२च्या आधी. ६५५३६. दाण्यांच्या मालिकेत!

मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून निळ्या पडद्याची जुनी टर्बो सी आहे. तिच्यात साध्या पूर्णांकाला सोळा खुणांची जागा मिळते, आणि प्रत्येक खूण म्हणजे शून्य किंवा एक. दोनाला दोनाने असे सोळा वेळा वाढवले की ६५५३६ होतात; तेवढ्याच निरनिराळ्या संख्या त्या जागेत मावतात. त्यांतल्या निम्म्या ऋण संख्यांसाठी. म्हणून मोठ्यात मोठी संख्या ३२७६७. त्यापुढे गेले की रिक्षाच्या मीटरसारखे सगळे फिरून उलट्या टोकाला जाते. मोबाईलमध्ये त्याच जागेला बत्तीस खुणा असतात, म्हणून तिथे ४६३६८ सहज मावले. “मग मोबाईल कधीच चुकणार नाही?” आम्ही तिलाच विचारले. तिने लगेच ५० पदे मागितली. सत्तेचाळिसावे पद १८३६३११९०३ आले, आणि अठ्ठेचाळिसावे उणे १३२३७५२२२३! “मोबाईल बी झूठ बोलता!” ती ओरडली. राग कुठच्या कुठे गेला होता.

उपाय सोपा आहे. मोठी जागा मागायची. सी भाषेत त्यासाठी ‘लाँग’ आणि ‘लाँग लाँग’ असे शब्द आहेत. पण जागा कितीही मोठी घेतली तरी तिला कुठेतरी कडा असणारच. रविवारी प्रोग्रॅम ‘बरोबर आहे’ असे सांगून आम्ही मोकळे झालो; कुठपर्यंत बरोबर आहे, हे आम्ही तपासले नाही. त्या दिवशी चूक तिची नव्हती, तपासणाऱ्याची होती. तसे आम्ही तिला स्पष्ट सांगितले. शिक्षकाने शिष्याला असे सांगण्याची आमच्याकडे फारशी रीत नाही. पण सांगितल्यावर छाती हलकी झाली.

त्या रात्री तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १८४३ मध्ये एडा लव्हलेस या इंग्रज बाईंनी बॅबेज यांच्या यंत्राविषयी टिपणे छापली. त्यांत बर्नुली संख्यांची मालिका काढण्याच्या पायऱ्यांचा एक तक्ता आहे. जगातला पहिला छापील प्रोग्रॅम म्हणून त्याचा उल्लेख होतो. म्हणजे तोही संख्यांची मालिका काढणाराच. जेकार्ड मागाचा दाखलाही त्यांनी त्याच टिपणांत दिला आहे. आणि त्या छापील तक्त्यात एका भागाकारात अंश आणि छेद यांची अदलाबदल झालेली आहे. मुलीने डोळे मोठे केले. “उनका बी आगे-पीछे हुआ?” हो बेटा, त्यांचेही.

ती पास झाली. प्रॅक्टिकलला गुण बेताचेच मिळाले. पुढच्या वर्षाची फी भरल्याचे तिच्या अब्बांनी आम्हांला मशिदीच्या पायऱ्यांवर सांगितले, तेही चादरीच्या भावाविषयी बोलता बोलता.

आमचे लाल पेन अजून खिशाला आहे. वहीत चूक दिसली की आता आम्ही शेजारी आधी प्रश्न लिहितो: ‘इथे कसा आलास?’ मुले वैतागतात. पालकसभेत एकदा तक्रारही झाली की सर नुसते विचारतात, शिकवत नाहीत. पन्नास वह्या असल्या की आम्हांलाही ते दर वेळी जमत नाही. घाईत अजूनही रेघ ओढली जाते. पण उत्तरे येतात तेव्हा कळते की, दहातल्या सात चुकांच्या मागे काहीतरी विचार असतो.

परवा ती मुलगी नवा प्रोग्रॅम घेऊन आली होती. ओळी व्यवस्थित आत सरकवलेल्या, एकच पद मागितले तर काय करायचे याचीही सोय केलेली. फक्त ‘पहला’, ‘दूसरा’, ‘जमा’ गेले होते. त्यांच्या जागी ए, बी, सी आले होते. आम्ही विचारले, “नावे का बदललीस?”

“हंसते हैं सर,” ती म्हणाली.

यावर आम्ही काय बोलणार? वही परत देताना समासात आम्ही निळ्या शाईने एवढेच लिहिले: ‘सी म्हणजे काय, हे तुला महिन्याने आठवेल का?’ ती वही घेऊन गेली. उत्तर अजून यायचे आहे.